चाफ्याचा रस्ता आणि रानातला मल्लेश्वर

बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी पहाटे यशवंतपूरला जागा होतो. पुढे गाडी सावकाश शहरात शिरते आणि मध्येच मल्लेश्वरम नावाचे एक छोटे स्टेशन मागे टाकते. बहुतेकजण तोवर सामान आवरण्याच्या गडबडीत असतात. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलेबाळे आज नोकरी-शिक्षणासाठी बंगळुरात आहेत. त्यांना भेटायला आपण जातो, मॉल पाहतो, लालबागेत हिंडतो, परततो. मल्लेश्वरम मात्र खिडकीतून दिसून राहून जाते.

मीही ते असेच राहू दिले असते. पण माझी मावशी तिथे राहते. पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा सकाळी सांपिगे रस्त्याने चालत निघालो होतो. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ सोबत होते. सारी गल्ली त्यांना 'तात' म्हणते, म्हणजे आजोबा. मी बेळगावचा, घरात मराठी बोलणारा, हे कळताच ते थांबले आणि कानडीत म्हणाले, "मग तुमच्या राजाने इथे काय दिले ते पाहिले की नाही?" माझ्या मनात एकदम सीमाभागातला माणूस जागा झाला. 'तुमचा' आणि 'आमचा' हे शब्द आपल्याकडे किती जपून वापरावे लागतात, हे वाचकांना सांगायला नको. पण तातांच्या बोलण्यात कुठलीच धार नव्हती. पाहुण्याला त्याच्याच घराण्याची ठेव दाखवावी, तसे ते मला काडु मल्लेश्वराच्या देवळाकडे घेऊन गेले.

कानडीत 'काडु' म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर तो काडु मल्लेश्वर. आज या देवळाभोवती दुमजली-चौमजली घरे, फुलांची दुकाने आणि रिक्षांची रांग आहे. रानाची आठवण उरली आहे ती देवाच्या नावात आणि आवारातल्या जुन्या झाडांत. हे देऊळ शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, म्हणजे एकोजी, यांनी बांधले असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. इथला १६६९ सालचा शिलालेख थोडे वेगळे बोलतो. त्या काळी या गावाला मल्लपूर म्हणत. मल्लपूरच्या मल्लिकार्जुन देवाला एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी नावाचे गाव इनाम दिले, असा त्याचा आशय आहे. इनाम द्यायला देव आधी असावा लागतो. म्हणजे देवस्थान बहुधा जुनेच असावे आणि राजांनी त्याला जोड देऊन वाढवले असावे. बांधणारा कोण हा वाद बाजूला ठेवला, तरी देणारा कोण याबद्दल दगडाला शंका नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. हा लेख कानडीत आहे. देणारा भोसले घराण्यातला मराठा राजा, पण ज्यांनी ते इनाम पाळायचे, ज्यांनी त्या शेतातले धान्य देवाला आणून घालायचे, त्यांची भाषा कानडी. म्हणून लेख कानडी. इतकी साधी गोष्ट! तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला जी समज होती, तिच्यासाठी आपल्याला पुढे आयोग नेमावे लागले.

भोसले इथवर आले कसे, हे थोडक्यात सांगायला हवे. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास वसवलेले बंगळूर १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने जिंकले. रणदुल्लाखान त्या मोहिमेचा सेनापती होता आणि शहाजीराजे त्याच्यासोबत होते. पुढे बंगळूर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले आणि त्यांच्या दक्षिणेतल्या कारभाराचे ते मुख्य ठाणे झाले. बाल शिवाजीही जिजाऊंबरोबर काही काळ इथे येऊन गेले. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी चन्नगिरीजवळ त्याच गावी आहे. बंगळूर व्यंकोजींकडे आले आणि मल्लपूरचे इनाम त्यानंतर पाच वर्षांचे आहे.

पुढे व्यंकोजी तंजावरला गेले आणि तिथेच त्यांनी आपली गादी स्थापन केली. १६७७ साली दक्षिण-दिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची भेट झाली, बेबनाव झाला, मग तहही झाला. त्या तहात शिवाजी महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण त्या चोळीबांगडीच्या मुलखात हे रानातले देऊळही होते, हे तिथे उभे राहिल्यावरच लक्षात येते. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांना देऊन टाकले. सुमारे अर्धशतकाची मराठी सत्ता संपली. देव राहिला, दगड राहिला आणि रानही पुढची दोनशे वर्षे राहिले.

हे रान संपायला कारण झाले प्लेगचे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगची चाहूल लागली. पुण्यात त्याने काय हाहाकार केला आणि त्यातून १८९७ साली रँडचा वध कसा घडला, हे सर्वश्रुत आहे. तिथून तो रेल्वेच्या रुळांवरून दक्षिणेकडे सरकला. हुबळी-धारवाड भागात लोक घरेदारे टाकून शेतात झोपड्या बांधून राहिले. त्या दिवसांच्या गोष्टी आपल्याकडच्या जुन्या घरांत आजी-पणजीच्या तोंडून आलेल्या असतात. १८९८ च्या ऑगस्टमध्ये हुबळीच्या बाजूनेच, दक्षिण मराठा रेल्वेच्या वाटेने, तो बंगळुरात पोचला. चिक्कपेट, दोड्डपेट, बळेपेट अशा दाट पेठांतून माणसे मरू लागली. शहरात प्लेगअम्मा, प्लेग मारम्मा अशा नावांची देवळे उभी राहिली. त्यांतली काही आजही आहेत.

प्लेगशी लढायला म्हैसूर संस्थानाने जो प्लेग कमिशनर नेमला, त्याचे नाव व्ही. पी. माधवराव. या आद्याक्षरांतला 'पी' म्हणजे पाटणकर! विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरी मराठी देशस्थ घराण्यातले. ज्या तंजावरला व्यंकोजी बंगळुराहून गेले, त्याच तंजावरच्या मराठी समाजातला एक माणूस सव्वादोनशे वर्षांनी बंगळूरच्या लोकांना मृत्यूच्या गल्ल्यांतून बाहेर काढण्याच्या कामावर आला. पुढे हे माधवराव त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. इतिहासात योगायोगांना अर्थ लावू नये म्हणतात. तरी हा योगायोग नुसता टिपून ठेवावासा वाटतो.

मल्लेश्वरम आणि दक्षिणेकडचे बसवनगुडी या दोन वस्त्यांची आखणी दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत प्लेगच्या आधीच सुरू झाली होती. प्लेगने तिला घाई लावली. त्या काळी रोगाचे मूळ कोंदट हवा, ओल आणि अंधार यांत आहे असा समज होता. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने त्याच १८९८ साली कराचीत दाखवले. पण वैद्यकाच्या जगाने ते मान्य करायला बरीच वर्षे घेतली. म्हणजे मल्लेश्वरमचे रुंद रस्ते, घराभोवतीची मोकळी जागा, ऊन आणि वारा हे सारे अर्धवट बरोबर असलेल्या निदानावरचे औषध होते. निदान अपुरे होते, पण औषध मात्र शंभर वर्षे पुरले.

आखणी मोठी शिस्तशीर आहे. दक्षिणोत्तर मुख्य रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडवे रस्ते. त्या आडव्या रस्त्यांना नावे नाहीत, नुसते क्रमांक. पहिला क्रॉस, दुसरा क्रॉस, असे करत अठराव्या क्रॉसपर्यंत. 'आठव्या क्रॉसला भेटू' म्हटले की बाजार समजावा. घरांच्या मागच्या बाजूने दोन रांगांमध्ये अरुंद बोळ सोडलेले होते. शौचकूप साफ करणाऱ्यांनी पुढच्या दाराने न येता त्या बोळातून यायचे, अशी ती व्यवस्था. आज तिथे सायकली आणि कुंड्या असतात, काही ठिकाणी भिंती घालून बोळ गिळलेही गेले आहेत. पण आरोग्याच्या नावाखाली कोणी कुठल्या वाटेने चालायचे हेही त्या नकाशाने ठरवले होते, हे विसरून चालणार नाही. वस्तीचे आठ विभाग पाडले आणि तेही जातीजमातींना वाटून दिले: ब्राह्मणांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे, मुसलमान, ख्रिस्ती यांचे वेगळे. प्लेगच्या भीतीने माणसे पेठा सोडून निघाली, पण पेठेतल्या भिंती मनात घेऊनच निघाली. सावलीच्या गावांची गोष्ट सांगताना आपण झाडांबद्दल भरभरून बोलतो आणि एवढे मात्र गाळतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

जुनी घरे अजून काही टिकून आहेत. मंगळुरी कौले, पुढे ओसरी, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या, दारात तुळस, परसात नारळ, फणस, कढीपत्ता. हेसरघट्ट्याच्या तलावातून नळाचे पाणी १८९६ च्या सुमारास शहरात आले होते. १९०५ साली शिवनसमुद्रची वीज बंगळुरात आली आणि रस्त्यावर दिवे लागले. पेठेत आडावर रांग लावणाऱ्या बाईला नळाचे पाणी, परस आणि दारी फुलझाड मिळाले, म्हणजे तिच्या आयुष्यात केवढी क्रांती झाली असेल!

आता झाडांकडे वळू. या उपनगराचे दोन मोठे रस्ते झाडांच्या नावांनी ओळखले जातात. एक सांपिगे रस्ता. सांपिगे म्हणजे आपला सोनचाफा. दुसरा मार्गोसा रस्ता, म्हणजे कडुलिंबाचा. 'मार्गोसा' हा इंग्रजीत रुळलेला शब्द मूळचा पोर्तुगीज, 'कडू' या अर्थाचा. तेव्हा गोव्याच्या वाचकांनाही इथे ओळखीचे काही सापडेल. एका रस्त्याला गोड वास, दुसऱ्याला कडू पाला.

बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे लावण्याचे शास्त्र पुढे एका जर्मन माळ्याने घालून दिले. गुस्टाव्ह क्रुंबिगेल त्याचे नाव. त्याला लंडनच्या क्यू बागेतून भारतात आणले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, १८९३ साली. बडोद्याच्या बागा त्याने सजवल्या, मग १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात गेला आणि लालबागेचा प्रमुख झाला. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर फुलोरा असावा, एकाची फुले गळायला लागली की दुसऱ्याची उमलावीत, अशा हिशेबाने झाडे निवडण्याची पद्धत त्याच्या नावाशी जोडलेली आहे. गुलमोहर, जकारंडा, टॅबेबुया ही बंगळूरची ओळख त्यातूनच घडली. आपल्या बडोद्याच्या वाचकांनी बंगळुरात गेल्यावर या झाडांकडे जरा आपुलकीने पाहावे. ती सयाजीरावांच्या पाहुण्याने लावायला शिकवलेली आहेत.

वस्तीच्या उत्तरेला सँकी तलाव आहे. १८८२ साली रिचर्ड सँकी या लष्करी इंजिनिअरने तो छावणीच्या पाण्यासाठी बांधला. थोड्या अंतरावर भारतीय विज्ञान संस्था. जमशेदजी टाटांची कल्पना आणि म्हैसूरच्या महाराजांनी दिलेली ३७१ एकर जमीन, यांतून ती १९०९ साली उभी राहिली. जुनी माणसे अजून तिला 'टाटा इन्स्टिट्यूट'च म्हणतात. एकोजीराजांनी मल्लिकार्जुनाला दिलेले मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या संस्थेच्या परिसरात येत होते, असे अभ्यासक मानतात. तसे असेल, तर एकाच भूमीचे दोनदा दान झाले: एकदा देवाला, एकदा विद्येला. १९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन या संस्थेचे संचालक म्हणून आले. त्यांचे 'पंचवटी' नावाचे घर मल्लेश्वरमातलेच. नोबेल मिळवलेला हा शास्त्रज्ञ ज्या सावलीखालून चालत असे, तीच सावली भाजी घेऊन परतणाऱ्या बाईवरही पडे.

इथे कानडी माणसाबरोबर तमिळ अय्यर-अय्यंगार आले, तेलुगू आले आणि कारवार-मंगळूरकडचे कोंकणी सारस्वतही आले. त्यांच्या कॅनरा युनियन या संस्थेचा सभागृह हा लग्नकार्यासाठी होता. पण कार्य नसेल त्या दिवशी तिथे बॅडमिंटनचे जाळे बांधले जाई. प्रकाश पदुकोण तिथेच खेळू लागले. आज हॉलवर लग्न आहे की नाही हे पाहून मुलांचा खेळ ठरायचा! त्या कार्यालयातून निघालेल्या मुलाने १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. मोठ्या मैदानावाचून मोठा खेळाडू घडत नाही म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. खाण्यापिण्याचे म्हणाल, तर मार्गोसा रस्त्यावरचे सीटीआर हे १९२० च्या दशकापासूनचे उपाहारगृह लोण्याच्या डोशासाठी नावाजलेले आहे. रविवारी सकाळी बाहेर इतकी माणसे ताटकळत असतात, की वाटावे इथे प्रसादच वाटताहेत.

१९९७ च्या सुमारास एक नवल घडले. काडु मल्लेश्वराच्या समोरची जागा खणली तेव्हा मातीखालून दगडी पुष्करणी निघाली. नंदीच्या मुखातून झिरपणारे पाणी खालच्या शिवलिंगावर पडते आणि तिथून कुंडात उतरते. आज ते नंदीतीर्थ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे वय किती याबद्दल मतभेद आहेत. पण ज्या जागेवरून पिढ्यान्‌पिढ्या लोक चालत होते तिच्याखाली वाहते पाणी होते, हे मात्र खरे. गावाच्या पोटात काय आहे ते गावालाच ठाऊक नसते.

आणि गावाच्या डोक्यावर काय आहे, तेही ते जाईपर्यंत ठाऊक नसते. राजा मिलच्या जुन्या जागेवर २०१० साली प्रचंड मॉल उभा राहिला. २०१४ मध्ये सांपिगे रस्ता नावाचे मेट्रो स्टेशन झाले. सोनचाफ्याचे नाव पाटीवर गेले, झाडे मात्र शोधावी लागतात. २०११ साली सँकी रस्ता रुंद करायला झाडांवर कुऱ्हाड पडली तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले, काहींना अटक झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये तलावाकाठून उड्डाणपूल नेण्याच्या बेताविरुद्ध पुन्हा माणसे, त्यांत शाळकरी मुले आणि काठी टेकणारी म्हातारी, फलक घेऊन चालली. जुने बंगले पाडून बहुमजली इमारती होत आहेत. घर विकणाऱ्याला दोष देणे सोपे असते. पण चार भावंडांत वाटणी व्हायची असते, छप्पर गळत असते, मुले परदेशात असतात. मावशीच्या गल्लीतलाही एक बंगला असाच गेला. त्याच्या दारातला चाफा तोडला, त्या दिवशी तातांनी म्हणे दुपारचे जेवण घेतले नाही.

मावशीने हे मला फोनवर सांगितले तेव्हा त्यांचा तो पहिला प्रश्न आठवला. तुमच्या राजाने इथे काय दिले ते पाहिले का? आता मला त्याचे उत्तर थोडे वेगळे सुचते. राजाने गाव दिले, पण ते देवाच्या नावे दिले आणि तिथल्या लोकांच्या भाषेत लिहून दिले. दिल्यावर ते त्याचे राहिले नाही. पाटणकर-माधवरावांनी, शेषाद्री अय्यरांनी, क्रुंबिगेलने जे केले तेही तसेच. झाड लावणारा सावलीवर हक्क सांगत नाही. सीमाभागात राहून आपण 'हे कोणाचे' हा प्रश्न जन्मभर ऐकत आलो. मल्लेश्वरमाचा दगड तो प्रश्न विचारत नाही. कोणी काय दिले आणि ते पाळले का, एवढेच तो विचारतो.

आपल्या गावांतही जुने वृक्ष आहेत, नव्या रस्त्यांच्या आखण्या आहेत, पडीक वाडे आहेत आणि वाचायचे राहून गेलेले दगड आहेत. कुठल्या लिपीत आहेत हे पाहून त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. पुढच्या वेळी बंगळूरला गेलात, तर पहाटे यशवंतपूर सोडल्यावर जरा खिडकीत बसा. आणि सवड काढून काडु मल्लेश्वराला जा. लेख वाचता आला नाही तर शेजारच्या कुणाला विचारा. सांगणारे तात अजून तिथे भेटतात.